संगणकातल्या वहीला प्रश्न विचारायला शिकू या



पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. पहिली चार सूत्रं आपण सगळ्या मिळून पाळतो. पाचवं सूत्र मात्र बऱ्याच गटांत हिशेब लिहिणाऱ्या एकट्या ताईच्या खांद्यावर असतं. तिनं लिहावं, आपण सह्या कराव्या, अशी रीत पडून गेली आहे.

आता तर नोंदी वहीतून संगणकात चालल्या आहेत. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा सगळा कारभार कागदावर होता. २०१५ मध्ये नाबार्डनंच ई-शक्ती नावाचा प्रकल्प आणला. गटांच्या वह्या संगणकात नेण्याचा तो पहिला प्रयोग देशातल्या दोनच जिल्ह्यांत झाला, झारखंडमधला रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. आता उमेदच्या गटांची माहिती लोकोस ॲपवर भरली जाते. म्हणजे आपली बचत, आपलं कर्ज, आपला हप्ता, सगळं कुठल्यातरी संगणकात जाऊन बसलं आहे.

कागदाच्या वहीचं एक बरं होतं. शंका आली की पान उलटून बघता यायचं. संगणकातलं पान कसं उलटायचं? तिथं पान उलटायचं नसतं, प्रश्न विचारायचा असतो. तो कसा विचारायचा, हेच आज शिकायचं आहे. घाबरू नका जी, चौथी-पाचवीपर्यंतची शाळा पुरते. वही-पेन घेऊन बसा आणि सोबत लिहीत जा.

तक्ता म्हणजे काय?

संगणकात माहिती नीट लावून ठेवतात, त्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. आपण शिकणार आहोत त्या प्रकारच्या डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत असते. तक्त्याला उभे रकाने आणि आडव्या ओळी. एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती, आणि एका ओळीत एकाच बाईची किंवा एकाच व्यवहाराची नोंद. आपल्या बचतीच्या रजिस्टरसारखंच.

आपण तीन छोटे तक्ते घेऊ. यातली नावं आणि आकडे फक्त शिकण्यासाठी मनानं घेतलेले आहेत.

तक्ता पहिला : सदस्य
सदस्य_क्र | नाव | गट
१०१ | शोभा | १
१०२ | मंदा | १
१०३ | मंदा | २
१०४ | वंदना | २
१०५ | रेखा | २

तक्ता दुसरा : कर्ज
कर्ज_क्र | सदस्य_क्र | रक्कम | कारण
१ | १०१ | १०००० | शेळी
२ | १०३ | १५००० | शिलाई मशीन
३ | १०४ | ८००० | तिखट-मसाला
४ | १०५ | १२००० | शेळी

तक्ता तिसरा : हप्ता
कर्ज_क्र | महिना | भरले
१ | जून | १०००
१ | जुलै | १०००
२ | जून | १५००
२ | जुलै | १५००
३ | जून | ८००

कोणी म्हणेल, तीन तक्ते कायले पाहिजेत? एकाच मोठ्या वहीत सगळं लिहिलं तर? तसं केलं तर शोभाताईनं हप्ता भरला की दर वेळी तिचं नाव, गट, कर्जाचं कारण पुन्हा पुन्हा लिहावं लागेल. उद्या तिचा गट बदलला तर वीस ठिकाणी खोडाखोड. एक जागा सुटली की वही स्वतःशीच खोटं बोलायला लागते. म्हणून एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी ठिकाणी तिचा फक्त क्रमांक वापरायचा.

ही कल्पना एडगर कॉड नावाच्या गणितज्ञानं १९७० मध्ये मांडली. ते आयबीएम या कंपनीत काम करत होते. पुढं १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा तयार केली. तिलाच आज एसक्यूएल म्हणतात. बँका, रेल्वेचं आरक्षण, दवाखान्यांचे केसपेपर, अशा किती तरी ठिकाणी हीच भाषा चालते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये सेव्ह केलेले नंबरसुद्धा अशाच तक्त्यांत असतात.

पहिला प्रश्न : दाखव, कुठून, कोणाचं

आपण घरात कसं बोलतो? "सदस्यांच्या वहीतून गट २ च्या बायांची नावं दाखव." मराठीत 'दाखव' शेवटी येतं. एसक्यूएलमध्ये 'दाखव' सगळ्यात आधी येतं. तेवढी एक उलटापालट डोक्यात बसली की अर्धं काम झालं.

सिलेक्ट नाव
फ्रॉम सदस्य
व्हेअर गट = २;

सिलेक्ट म्हणजे 'दाखव'. त्याच्यापुढे कोणते रकाने पाहिजेत ते लिहायचं. फ्रॉम म्हणजे 'कुठून'. त्याच्यापुढे तक्त्याचं नाव. व्हेअर म्हणजे 'कोणत्या ओळींमधून', त्याच्यापुढे अट. शेवटी अर्धविराम, म्हणजे आपलं बोलून झालं. उत्तर येईल : मंदा, वंदना, रेखा.

संगणकावर हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावे लागतात. इथं आपण ते वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहिले आहेत. अशा विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात.

आता दुसरी क्वेरी बघा.

सिलेक्ट सदस्य_क्र, रक्कम
फ्रॉम कर्ज
व्हेअर रक्कम > १००००
ऑर्डर बाय रक्कम;

उत्तर : १०५ चे १२०००, मग १०३ चे १५०००. ऑर्डर बाय म्हणजे 'या क्रमानं लाव'. लहान आकडा आधी, मोठा नंतर.

शोभाताईचं कर्ज बरोबर १०००० आहे, पण ती या यादीत आली नाही. कारण आपण 'दहा हजारांपेक्षा जास्त' असं विचारलं. 'दहा हजार किंवा जास्त' असं हवं असेल तर चिन्ह >= असं लिहावं लागतं. बैठकीत आपण सैल बोललो तरी समोरची समजून घेते. संगणक समजून घेत नाही. विचारलं तेवढंच सांगतो. म्हणून उत्तर चुकलं वाटलं तर आधी आपला प्रश्न पुन्हा वाचायचा.

बेरीज आणि मोजणी

ग्रामसंघाच्या बैठकीत विचारतात, एकूण कर्जवाटप किती? कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही.

सिलेक्ट सम(रक्कम)
फ्रॉम कर्ज;

सम म्हणजे बेरीज. उत्तर ४५०००. किती कर्जं दिली ते मोजायचं असेल तर सम(रक्कम) ऐवजी काउंट(*) लिहायचं. उत्तर ४.

आता प्रत्येक कर्जावर किती परतफेड झाली, ते वेगवेगळं पाहिजे. त्यासाठी ग्रुप बाय, म्हणजे 'वेगवेगळे ढीग कर'. संत्र्याची प्रतवारी करताना आपण मोठी, मध्यम, लहान असे ढीग करतो आणि मग एकेक ढीग मोजतो. हे तसंच.

सिलेक्ट कर्ज_क्र, सम(भरले)
फ्रॉम हप्ता
ग्रुप बाय कर्ज_क्र;

उत्तर :
१ | २०००
२ | ३०००
३ | ८००

हे उत्तर जरा जपून वाचा. यात काहीतरी राहून गेलं आहे. पुढं त्याच्यावरच बोलायचं आहे.

दोन तक्ते जोडायचे कसे?

कर्जाच्या तक्त्यात नाव नाही, फक्त सदस्य क्रमांक आहे. नाव पाहिजे असेल तर सदस्य आणि कर्ज हे दोन तक्ते जोडावे लागतील. जोडणारा दुवा म्हणजे दोन्हीकडे असलेला सदस्य_क्र.

सिलेक्ट सदस्य.नाव, सदस्य.गट, कर्ज.रक्कम
फ्रॉम सदस्य
जॉइन कर्ज
ऑन सदस्य.सदस्य_क्र = कर्ज.सदस्य_क्र;

'सदस्य.नाव' याचा अर्थ सदस्य तक्त्यातला नाव हा रकाना. जॉइन म्हणजे जोड, ऑन म्हणजे कशाच्या आधारानं. उत्तर :

शोभा | १ | १००००
मंदा | २ | १५०००
वंदना | २ | ८०००
रेखा | २ | १२०००

क्रमांकाऐवजी नावावरून जोडलं असतं तर? समजा, कर्जाच्या तक्त्यात क्रमांक न लिहिता नुसतं 'मंदा' लिहिलं. आपल्याकडे मंदा दोन आहेत. संगणक त्या एका कर्जाला दोघींशी जोडेल. यादीत चार ऐवजी पाच ओळी येतील. बेरीज ४५००० ऐवजी ६०००० होईल. पंधरा हजार रुपये कुठून आले म्हणून सगळी बैठक डोकं धरून बसेल. त्याहून वाईट म्हणजे गट १ मधल्या मंदाताईनं एक रुपया कर्ज घेतलेलं नसताना तिच्या नावावर पंधरा हजार दिसतील. उद्या ती बियाण्यासाठी कर्ज मागायला आली तर तिला ऐकवलं जाईल, "तुमचं आधीचंच बाकी आहे."

गावात एका नावाच्या तीन-चार जणी सहज निघतात. आडनावही एकच असतं. म्हणून प्रत्येकीचा क्रमांक वेगळा, कधी न बदलणारा, दुसऱ्या कोणाला न दिलेला असावा लागतो. संगणकाच्या भाषेत याला प्रायमरी की म्हणतात. तुमच्या पासबुकावर सदस्य क्रमांक लिहिला आहे का, ते आजच बघा. हप्ता भरताना नाव सांगा आणि क्रमांकही सांगा.

जिची ओळच नाही, ती दिसत नाही

आता मघाचं उत्तर पुन्हा काढा. प्रत्येक कर्जावरची परतफेड आपण विचारली. १, २ आणि ३ या कर्जांचं उत्तर आलं. कर्ज क्रमांक ४ कुठं गेलं? ते रेखाताईचं बारा हजारांचं कर्ज. हप्त्याच्या तक्त्यात तिची एकही ओळ नाही. ओळ नाही म्हणून ढीग नाही, आणि ढीग नाही म्हणून उत्तरात ती नाही. शून्यसुद्धा दिसलं नाही. जिची चौकशी सगळ्यात आधी व्हायला पाहिजे, तीच यादीतून गायब.

नुसतं जॉइन वापरलं तरी असंच होतं. दोन्ही तक्त्यांत जिची नोंद सापडते, तेवढीच दिसते. वरच्या यादीत कर्ज न घेतलेली मंदा, म्हणजे १०२, आली नाही, ती याच कारणानं.

यावर उपाय आहे लेफ्ट जॉइन. त्याचा अर्थ असा : 'पहिल्या तक्त्यातली एकही ओळ सोडू नको, दुसऱ्या तक्त्यात काही सापडलं तर लाव, नाही सापडलं तर जागा कोरी ठेव.'

सिलेक्ट कर्ज.कर्ज_क्र, सम(हप्ता.भरले)
फ्रॉम कर्ज
लेफ्ट जॉइन हप्ता
ऑन कर्ज.कर्ज_क्र = हप्ता.कर्ज_क्र
ग्रुप बाय कर्ज.कर्ज_क्र;

उत्तर :
१ | २०००
२ | ३०००
३ | ८००
४ | (कोरे)

आता रेखाताई दिसली. या कोऱ्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे नोंदच नाही. कोरी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे कोणीतरी बघितलं, मोजलं आणि शून्य लिहिलं. नल म्हणजे आपल्याला काही ठाऊकच नाही. म्हणून 'भरले = ०' अशी अट घातली तर रेखाताई सापडणार नाही. कोऱ्या जागा शोधायला इज नल असं लिहावं लागतं.

सिलेक्ट कर्ज.कर्ज_क्र
फ्रॉम कर्ज
लेफ्ट जॉइन हप्ता
ऑन कर्ज.कर्ज_क्र = हप्ता.कर्ज_क्र
व्हेअर हप्ता.कर्ज_क्र इज नल;

उत्तर : ४.

इथं एक गोष्ट मनात पक्की करा. हे उत्तर आलं म्हणून रेखाताई थकबाकीदार झाली का? नाही. संगणकानं एवढंच सांगितलं की तिच्या हप्त्याची नोंद नाही. तिनं खरंच हप्ता भरला नसेल. किंवा भरला असेल, पण नोंद करायची राहिली असेल. रेंज नसल्यानं माहिती वर गेली नसेल. तिचे पैसे दुसऱ्याच कर्ज क्रमांकावर चढले असतील. या चार गोष्टींत फरक करणं संगणकाच्या हाती नाही. ते आपल्याच हाती आहे.

म्हणून अशी यादी निघाली की ती भर बैठकीत वाचून दाखवायची नाही. आधी त्या बहिणीच्या घरी जायचं, तिचं पासबुक बघायचं, बैठकीचं इतिवृत्त बघायचं. नोंद राहिली असेल तर दुरुस्त करून घ्यायची. हप्ता खरंच थकला असेल तर का थकला ते विचारायचं. शेळी मेली असेल, घरात आजारपण असेल. कोऱ्या चौकटीवरून कोणाची अब्रू काढायची नाही, हा नियम आपण आपल्या गटात लिहूनच ठेवू या.

विचारायचं, पण खोडायचं नाही

सिलेक्टनं सुरू होणारी क्वेरी फक्त वाचते. ती कितीही वेळा चालवा, वहीतला एक आकडाही हलत नाही. त्यामुळं शिकताना भ्यायचं कारण नाही. अपडेट आणि डिलीट हे दोन शब्द मात्र वेगळे आहेत. अपडेट म्हणजे बदल, डिलीट म्हणजे काढून टाक. यांच्यासोबत व्हेअर लिहायचं राहिलं तर एका बाईच्या ऐवजी सगळ्यांच्या ओळी बदलतात किंवा सगळ्याच पुसल्या जातात. शिकणाऱ्यांनी हे दोन शब्द गटाच्या खऱ्या माहितीवर वापरायचे नाहीत.

तसंही ॲपच्या आतल्या तक्त्यांना थेट हात लावायची परवानगी आपल्याला नसते. सराव करायचा तर आपला वेगळा तक्ता करायचा. संगणकावर डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घरातल्या शिकणाऱ्या पोरी-पोराला किंवा ऑफिसातल्या ताईला ते टाकून द्यायला सांगा. सरावाच्या तक्त्यात आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर घालू नका. आणि कोणाच्या कर्जाची यादी व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

संगणक नसेल तरी अडत नाही. कागदावर तीन तक्ते आखा. एकीनं क्वेरी वाचायची, दुसरीनं संगणक व्हायचं आणि बोटानं ओळी तपासत उत्तर द्यायचं. बैठक संपल्यावर दहा मिनिटं हा खेळ खेळलात तर महिनाभरात हात बसेल.

अभ्यास

वरचेच तीन तक्ते वापरा. उत्तरं झाकून ठेवा.

१. शेळीसाठी कोणी आणि किती कर्ज घेतलं?
२. गट २ मध्ये किती सदस्य आहेत?
३. जुलै महिन्यात एकूण किती रुपये जमा झाल्याची नोंद आहे?
४. प्रत्येक कारणासाठी मिळून किती कर्ज दिलं?
५. कोणत्या कर्जांवर जुलैचा हप्ता नोंदलेला नाही? हे बोटानं तक्ते बघूनच शोधा.

उत्तरं

१. सिलेक्ट सदस्य_क्र, रक्कम फ्रॉम कर्ज व्हेअर कारण = 'शेळी';
१०१ चे १०००० आणि १०५ चे १२०००. शब्दावर अट घालताना तो शब्द अवतरण चिन्हांत लिहायचा.

२. सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम सदस्य व्हेअर गट = २;
३ सदस्य.

३. सिलेक्ट सम(भरले) फ्रॉम हप्ता व्हेअर महिना = 'जुलै';
२५०० रुपये.

४. सिलेक्ट कारण, सम(रक्कम) फ्रॉम कर्ज ग्रुप बाय कारण;
शेळी २२०००, शिलाई मशीन १५०००, तिखट-मसाला ८०००.

५. कर्ज ३ आणि कर्ज ४. तिसऱ्या कर्जाचा जूनचा हप्ता आहे, जुलैचा नाही. चौथ्याचा एकही नाही. ज्यांनी फक्त चौथं लिहिलं, त्यांनी हप्त्याचा तक्ता पुन्हा बघावा.

मैत्रिणींनो, हिशेब लिहिणारी ताई आपल्यासाठी राबते, तिच्यावर विश्वास असावाच. पण पैसा सगळ्यांचा आहे, तर प्रश्न विचारता येणंही सगळ्यांना जमलं पाहिजे. पुढच्या बैठकीत आपल्या ताईला तीन गोष्टी विचारा : माझा सदस्य क्रमांक काय, माझ्या कर्जाचा क्रमांक काय, आणि माझ्या नावापुढं कोणती जागा कोरी आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की पासबुक काढा आणि दोघी मिळून ताडून बघा.